मागच्या खोलीची शांतता

१

आमच्या घरात दोन गोष्टी सकाळी सुरू झाल्या की संध्याकाळपर्यंत थांबत नसत. एक मागच्या खोलीतलं टेपचं मशीन आणि दुसऱ्या माझ्या सासूबाई. मशीनला निदान रीळ संपलं की गप्प बसावं लागे.

माझं काम जुन्या रिळांचं. लोक माळ्यावरून, गोदामातून, वारलेल्या काकांच्या कपाटातून डबे काढून आणतात. मी ती रिळं वाजवून त्यांत जे काही उरलंय ते कॉम्प्युटरवर उतरवून देते. कुणाच्या शाळेतलं भाषण, कुठल्याशा मंडळाची वार्षिक सभा, कुणाचं भोकाड पसरलेलं बाळ, जे आता टक्कल पडून माझ्यासमोर डबा धरून उभं असतं. डबा उघडून आधी वास घ्यायचा. आंबूस वास आला की समजायचं टेप सडायला लागली, घाई करायला हवी. मग कापसाला स्पिरिट लावून टेप ज्यावरून घासत जाते ते मशीनचं हेड पुसायचं, टेप डाव्या चकतीवरून उजव्या चकतीवर ओवायची, बटण दाबायचं आणि कान देऊन बसायचं. फार मोठं शास्त्र नाही, पण धसमुसळेपणा चालत नाही. जुनी टेप वाळलेल्या पानासारखी असते.

हे सगळं मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. बाबांनी हयातभर ध्वनिमुद्रण केलं. मशीन त्यांचं, खोलीही त्यांचीच. ते गेल्यावर मशीनसमोर मी बसायला लागले आणि मशीनशेजारच्या वेताच्या खुर्चीत आई, म्हणजे सासूबाई. नवरा कामासाठी बाहेरगावी, शनिवारी यायचा, त्यामुळे आठवडाभर आम्ही दोघीच. आईंच्या तोंडाचा पट्टा चालू आणि माझं हं-हं. बोलता बोलता त्या उठायच्या तेव्हा त्यांच्या उजव्या गुडघ्यातून कट्ट असा आवाज यायचा. बाबा गेल्यानंतर बाथरूममध्ये पडल्या होत्या, तेव्हापासूनचा. हे माझं दाराचं लॅच, असं त्या म्हणायच्या.

त्यांची एकच मागणी होती. घरात भिंतभर रिळं आहेत, तर त्यांत कुठेतरी 'ह्यांचा' आवाज असेलच, तेवढा मला ऐकव. मी सगळी रिळं पालथी घातली. नव्हता. सगळ्या दुनियेचे आवाज डब्यात भरणाऱ्या माणसाने स्वतःचा मात्र प्रत्येक ठिकाणी कापून टाकला होता. आईंना ते खरंच वाटत नसे. तू नीट ऐकत नाहीस, म्हणायच्या. एकदा मात्र त्या नेहमीच्या चेष्टेच्या सुरात नाही, अगदी हळू म्हणाल्या, "मला त्यांचा आवाज आठवेनासा झालाय गं. चेहरा आठवतो. आवाज नाही."

त्या दिवसापासून मी मनावर घेतलं होतं.

२

शांतता मुद्रित करतात, हे लग्न होईपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

समजा, कुणी बोलताना मध्येच खोकलं. तो खोकला ब्लेडने कापून काढला आणि त्या जागी कोरी टेप लावली तर ऐकणाऱ्याला एकदम पायरी चुकल्यासारखं होतं. कारण कुठलीच खोली कोरी नसते. प्रत्येक खोलीची आपली आपली शांतता असते. म्हणून बाबा जिथे जिथे मुद्रण करत तिथली थोडी नुसती शांतता वेगळी घेऊन ठेवत, ठिगळाला त्याच ताग्यातलं कापड ठेवावं तशी. हात वर करून म्हणायचे, "शांत." मग खोलीतल्या माणसाने हलायचं नाही, गिळायचंसुद्धा नाही. पुरेशी शांतता मिळाली की पेन्सिलने टेबलावर दोनदा टकटक करायचे. मग सगळ्यांनी सुटायचं. नंतर ते 'शांत' आणि ती टकटक दोन्ही टोकं कापून टाकायची आणि मधला तुकडा डब्यात. त्याला पुढून पांढरी पट्टी जोडायची, म्हणजे काम पुरं झालेलं कळतं.

आई या सगळ्यात पारंगत होत्या. इतकं बोलणारी बाई, पण 'शांत' म्हटलं की दगड. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला तरी त्या जागच्या हलल्या नव्हत्या, आणि त्याबद्दल बाबांनी त्यांचं कौतुक करायचं सोडून नंतर त्यांनाच झापलं होतं. ती गोष्ट आई अनेकदा सांगायच्या. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं.

"एकदा त्यांनी शांत म्हटलं की टकटक होईपर्यंत मी मेले तरी हलायची नाही."

३

तो डबा माळ्यावर एका जुन्या पंख्याच्या खोक्यात सापडला. पंख्याची पाती नव्हती, डबा होता. वर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं: मागची खोली, शांतता.

उघडला आणि माझ्या लक्षात आलं की टेपला पांढरी पट्टी नाही. म्हणजे या रिळाची टोकं कापायची राहून गेलेली. म्हणजे सुरुवातीला त्यांचं 'शांत' असणार. मला इतका आनंद झाला की मी माळ्याच्या शिडीवरच हसत बसले.

आई दुपारच्या झोपेत होत्या. मी हेडफोन लावून रीळ चढवलं. थोडी खरखर, आणि मग अगदी जवळून, घसा साफ करून, बाबा. "शांत." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांनी तो शब्द ऐकून माझाही हात आपोआप थांबला होता.

पुढे नुसती खोली. मी सवयीने ऐकत राहिले. लांब कुठेतरी एक गाडी. भिंतीतल्या पाइपातून उतरणारं पाणी. कुणाचा तरी संथ श्वास. आणि या सगळ्याच्या वर एक बारीक, चिरका सूर.

तो सूर माझ्या ओळखीचा होता. माझ्या कॉम्प्युटरच्या पंख्याचा. पंखा जुना झाल्यापासून तसा चिरकतो आणि मी तो बदलायचं वर्षभर लांबणीवर टाकलंय. मी मनाशी म्हटलं, हेडफोनमधून बाहेरचं ऐकू येतंय. कॉम्प्युटर बंद केला. खोलीतला सूर थांबला. टेपवरचा थांबला नाही.

हे रीळ भरलं तेव्हा या घरात कॉम्प्युटर नव्हता. या घरातच काय, आमच्या ओळखीत कुणाकडे नव्हता. मी मशीन थांबवलं, खोल श्वास घेतला आणि कारणं शोधली. माझ्या धंद्यात कारणांना तोटा नाही. मोटरची बेअरिंग घासली तर सूर येतो. विजेच्या वायरी जवळ असल्या तर येतो. बाईने सुतावरून स्वर्ग गाठायचं ठरवलं तर कशातूनही येतो. मी बेअरिंगला तेल घातलं, टेप परत सुरुवातीला आणून ठेवली आणि चहा टाकायला गेले. पुढचं ऐकायचं राहिलं ते राहिलंच.

४

चहाचा कप घेऊन आई खुर्चीत बसल्या. तुमच्यासाठी गंमत आहे, एवढंच मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या की गंमत म्हटली की त्यांना धडकीच भरते, कारण मागच्या वेळच्या गमतीत माझ्या नवऱ्याने मिशी ठेवली होती. मी स्पीकरचा आवाज वाढवला आणि बटण दाबलं.

आई शेजारणीच्या गच्चीतल्या टाकीबद्दल सांगत होत्या. "मी तिला स्पष्ट म्हटलं, बाई गं, पाणी तुझं आहे, पण छत..."

"शांत."

आई थांबल्या. वाक्याच्या मध्ये, कप ओठांपासून थोडा दूर. डोळे मशीनच्या उजव्या बाजूला, जिथे बाबा उभे राहायचे तिथे लागले. चेहऱ्यावर असा काही भाव आला की मला बघवेना, पण बघत राहावंसंही वाटलं. मग मला हसू आलं. काय ती शिस्त! माणूस गेला तरी हुकूम पाळतायत. मीही गप्प राहिले, त्यांचा तो क्षण मोडू नये म्हणून.

रीळ फिरत राहिलं. शांतता जेवढी घ्यायची असते तेवढी होऊन गेली. मग तेवढीच पुन्हा. टकटक येईना. कुणी शांतता इतकी लांबवत नाही, टेप महाग असायची. मी आईंकडे पाहिलं. एरवी कप धरला की त्यांचा हात थरथरायचा, बशीत थोडा चहा सांडलेलाच असायचा. आता कपातल्या चहावर साय धरली होती आणि ती सायही हलत नव्हती.

"आई, पुरे आता," मी म्हणाले. "आई."

आणि तेवढ्यात टेप तुटली. जुनी टेप तुटताना आवाज होत नाही, नुसती सुटते. उजवी चकती मोकाट फिरायला लागली आणि टेपचं टोक फटफट आपटत राहिलं. मी मशीन बंद केलं.

आई हलल्या नाहीत.

५

पहिल्यांदा मला राग आला, खरं सांगते. वाटलं, चेष्टा ताणतायत. मग मी त्यांच्या नाकाशी बोट नेलं. श्वास होता, फार सावकाश. हात गार नव्हता. डोळ्यांची उघडझाप होत होती, पण नजर त्या एकाच जागेवर.

पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी नीट चौकशी केली. झटका असू शकतो, म्हणाल्या, त्यांना हलवू नका, मी निघतेच, गाडी बोलावते. नवऱ्याला फोन केला, तो लागला नाही. मग मी आईंच्या पायाशी बसले आणि बोलायला लागले. आयुष्यात पहिल्यांदाच त्या घरात मी एकटी बोलत होते आणि त्या ऐकत होत्या. टाकीचं पुढे काय झालं ते सांगा, म्हणाले. कप तेवढा द्या, म्हणाले. कप बोटांतून सुटेना. जोर लावायला भीती वाटली.

टेबलावर बाबांची पेन्सिल होती. मला स्वतःचीच लाज वाटत होती, तरी मी ती उचलली आणि टेबलावर दोनदा वाजवली.

आईंची नजर हलली. माझ्याकडे आली. ओळखीची होती, मायेची होती, आणि चुकीच्या घराची बेल वाजवणाऱ्याला आपण पाहतो तशी होती. मग ती परत त्या जागेवर गेली.

मी अडाणी नाही. मेंदूत रक्त साकळलं की माणूस असाच होतो, हे मला ठाऊक आहे. पण तुटलेल्या टेपचं दुसरं टोक डाव्या चकतीवर लोंबत होतं, आणि त्या टोकाच्या पुढे कुठेतरी टकटक होती. खरी, त्यांची. टेप जोडायला मला दोन मिनिटं लागतात, रोज जोडते. डॉक्टर येईपर्यंत नुसतं बसून राहण्यापेक्षा काय वाईट होणार होतं? हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला होता. अजूनही विचारते.

दोन्ही टोकं पितळी खाचेत एकमेकांवर ठेवली, ब्लेडने तिरकी कापली, पाठीमागून चिकटपट्टी लावली, नखाने घासून बसवली. हात अजिबात कापले नाहीत. याचंच मला मागाहून नवल वाटलं.

६

मशीन सुरू केलं. मी मशीनकडे तोंड करून उभी होते, आई माझ्या पाठीमागे.

खोलीची शांतता. पाइपातलं पाणी. तो बारीक सूर आता नव्हता. मी कॉम्प्युटर मघाशीच बंद केला होता.

मग टेपवर, भिंतीपलीकडून यावा तसा, एका बाईचा आवाज. "आई, पुरे आता. आई."

मला तो आवाज ओळखायला वेळ लागला. स्वतःचा आवाज कुणालाच पटकन ओळखू येत नाही. नंतर फटफट, टेपचं टोक आपटल्याचं. नंतर तीच बाई फोनवर डॉक्टरांशी बोलताना, भेदरलेली. टाकीचं विचारताना. मग दोन ठोके, बोथट, लांबून. या सगळ्यात जवळून येणारा आवाज एकच होता, तो संथ श्वास. तो माइकच्या अगदी पुढ्यात होता. त्या बाजूला आई होत्या आणि भिंतीपलीकडे मी होते.

बंद कर, असं माझ्या मनाने सांगितलं. हात बटणावर गेलाही. पण टकटक अजून यायची होती, आणि आईंनी तेवढीच तर वाट पाहिली होती.

टक टक.

स्वच्छ, लाकडावर, पेन्सिलीची पाठ आपटून, बाबा करायचे तशी. त्याबरोबर टेपवर वेताची खुर्ची करकरली आणि एक गुडघा वाजला. कट्ट.

मशीनवर आवाजाचा काटा दाखवणारी छोटी काच आहे. तिच्यात मागची खुर्ची दिसते. मी मान वळवली नाही, फक्त तिकडे पाहिलं. आई उभ्या राहत होत्या. कुणाचा तरी हात धरून उठताना माणूस जसा एका अंगाला कलतो, तशा कलून.

"किती वेळ लावलात हो," टेपवरून आई म्हणाल्या.

माझ्या पाठीमागे कप फुटला. मी गरकन वळले. आई खुर्चीतच होत्या. हात खाली लोंबत होता, चहा जमिनीवर पसरत होता, आणि चेहऱ्यावरची ती वाट पाहणारी शिस्त पार निघून गेली होती. मी त्यांना मिठी मारली. श्वास नव्हता.

टेप चालूच होती. पावलं दाराकडे जात होती, दोघांची. एक पाऊल जरा लंगडतं. ती थांबली.

"थांबा ना. पोरीला सांगून येते."

लंगडतं पाऊल परत फिरलं. जवळ आलं. माइकच्या इतकं जवळ की ओठ विलग झाल्याचं मला ऐकू आलं. त्या आता माझ्याशी बोलणार होत्या. मी त्यांना मिठीत धरून स्पीकरकडे पाहत होते.

"शांत," बाबा म्हणाले.

पाऊल थांबलं. श्वास थांबला. रीळ आणखी थोडा वेळ फिरलं आणि संपलं.

७

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पहिल्या क्षणीच सगळं होऊन गेलं असणार, तुमच्या हातात काही नव्हतं. मी मान डोलावली. चहा कुणीतरी पुसला. शेजारीण आली आणि टाकीबद्दल काही न बोलता बराच वेळ माझा हात धरून बसली.

नवरा आला, रडला, सगळं केलं आणि एका दुपारी मागच्या खोलीत येऊन वेताच्या खुर्चीत बसला. शेजारणीने त्याला काहीतरी सांगितलं असावं, किंवा त्याने डबा पाहिला असावा. बाबांचा आवाज सापडला होता का, त्याने विचारलं. मी म्हटलं, रीळ खराब निघालं. त्याने माझ्याकडे पाहिलं. खराब रिळं नीट करणं हाच माझा धंदा आहे, हे त्याला माहीत आहे. पण तो भांडला नाही. तू हल्ली बोलतच नाहीस, एवढंच म्हणाला, पूर्वी या खोलीत किती गलका असायचा.

त्याला काय सांगू? त्याच्या आईबाबांचा आवाज या घरात आहे आणि मी तो त्याच्यापासून लपवते आहे, हे पाप आहे, मला कळतं. ते रीळ मी अजून उतरवलेलं नाही, फेकलेलंही नाही. ते माझ्यासमोर मशीनवर आहे, आणि मी या खोलीत आले की माझा हात, जीभ, गिळणंसुद्धा हळू होत जातं. आई तिथे थांबल्या आहेत, तोंड उघडून, माझ्यासाठी. त्यांना काहीतरी सांगायचं आहे. निरोप घेऊन त्या जाणार आहेत की मला बोलावणार आहेत, ते मला ठाऊक नाही. दोन्हींची मला सारखीच भीती वाटते, आणि रोज दुपारी मी त्यांची वाट पाहते.

नवरा टेबलाशी सरकला. विचारात असला की त्याचे हात चाळा शोधतात, बाबांसारखेच. त्याने टेबलावरची पेन्सिल उचलली, उलटी धरली आणि तिची पाठ लाकडावर आपटली.

टक.

माझ्या पाठीमागे, माइकइतक्या जवळ, कुणीतरी ओठ विलग केले. मी झडप घालून त्याचा हात धरला. तो चकित होऊन माझ्याकडे पाहत राहिला. मी अजून त्याचा हात सोडलेला नाही. दुसरी टक व्हायची राहिली आहे.